चांदर-केपेची जुनी घरं बघायला जाताय? मग पावणे म्हणून जा

दर डिसेंबरात पुण्यामुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात, "अगं बीच झाले, चर्च झाली, आता अजून काय बघायचं सांग ना", आणि मी दर वेळी तेच सांगते, दक्षिण गोव्यातल्या चांदरला जा आणि तिथून केपेला जा. ते जातात, आणि संध्याकाळी परत फोन. अर्धे खूश असतात. उरलेले अर्धे म्हणतात, तिकीट-खिडकी नव्हती, धड बोर्ड नव्हता, एक बाई आतून आली, दार उघडलं आणि पुढे चालायला लागली, आम्ही तिच्या मागे मागे, वीस मिनिटांत बाहेर, वर डब्यात पैसे टाका म्हणाली, हे कसलं म्युझियम? तर बाबांनो, ते म्युझियम नाहीच आहे, घर आहे घर, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं होतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी कुणी फोन केला की हेच पाठवणार.

प्लॅन साधा आहे. सकाळी चांदरचं ब्रागांझांचं घर, तिथे लायब्ररी, चिनीमातीची भांडी, शिसवी फर्निचर, झुंबरं. मग जेवण. दुपारनंतर केपेचा डीनचा, म्हणजे चर्चच्या मोठ्या अधिकाऱ्याचा, वाडा, नदीकाठच्या बागेसकट. दिवसाला दोन घरं बस. लोटलीलाही जुनी घरं आहेत, त्यातलं फिगेरेदोंचं तर 1590 चं सांगतात, पण ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. तीन घरं एका दिवसात कोंबलीत की रात्री कुठलं झुंबर कुठल्या घरातलं हेच आठवत नाही. माझा भाऊ चांदरची खुर्ची लोटलीला होती म्हणून अजून भांडतो.

जायच्या आधी हे एक समजून घ्या, कंटाळा आला तरी. गोव्यात भाट म्हणजे नारळाची बाग आणि ज्याचं भाट तो भाटकार. त्याच्या जमिनीत घर बांधून राहणारा तो मुंडकार. माझ्या आईचे वडील मुंडकार होते, चांदरला नव्हे, सासष्टी तालुक्यातल्याच दुसऱ्या एका गावात. नारळ पाडायचे दिवस आले की ते मोजायला उभे राहायचे आणि आई लहान असताना त्यांच्याबरोबर मोठ्या घरी जायची, ती मागच्या दारापर्यंत. असल्या घराच्या समोरच्या पायऱ्या ती पहिल्यांदा चढली ती माझ्याबरोबर चांदरला, साठी उलटल्यावर, आणि तेव्हाही दोन पायऱ्या चढून थांबली आणि मला विचारलं, "चपला कुठे काढायच्या?" चपला कुणीच काढत नव्हतं.

1961 साली गोवा मुक्त झाला, मग 1964 चा कुळ कायदा आला, 1975 चा मुंडकार कायदा आला. कसणाऱ्याला शेत मिळालं, राहणाऱ्याला कुणी हुसकावू शकत नाही असं झालं, आमच्यासारख्यांचं भलंच झालं. पण ही मोठी घरं ज्या शेताभाटाच्या उत्पन्नावर चालायची ते उत्पन्न आटलं आणि घर मात्र तेवढंच राहिलं, तेवढीच कौलं, तेवढ्याच खिडक्या, तेवढीच वाळवी. मुलं कुणी लिस्बनला, कुणी लंडनला. मागे एखाददोन माणसं राहतात आणि हत्ती पोसावा तसं घर पोसतात. तुम्ही डब्यात टाकता ते पैसे इथे जातात, कौलं शाकारायला. सरकारी पगारावरचा गाईड नाही म्हणून चिडायचं नाही ते यासाठी.

आता तयारी. पहिली गोष्ट फोन करा. इंटरनेटवर दिलेल्या वेळांवर जाऊ नका, घरातलं कुणी आजारी असतं, कुणाचं लग्न असतं, चर्चचं फेस्त (सण) असतं. आदल्या दिवशी फोन केला आणि किती जण येतोय ते सांगितलं की समोरच्यालाही बरं वाटतं. मी स्वतः एकदा शहाणपणा केला होता, अकरा जणांची वरात, टेम्पो ट्रॅव्हलर करून, दुपारी दीड वाजता एका घराच्या दारात (कुठलं ते सांगत नाही, चूक माझीच), बेल वाजवली, परत वाजवली, काका हाका मारायला लागले, शेवटी वरची खिडकी उघडली आणि एक आजोबा झोपेतून उठलेल्या चेहऱ्यानं नुसते बघत राहिले. काही बोलले नाहीत. खिडकी बंद. गोव्यात दुपारी एक ते चार माणसं झोपतात हे मला, मडगावात जन्मलेल्या बाईला, कळू नये? तर सकाळी दहाच्या सुमारास पोचा, किंवा चारनंतर. चारपाच जण असाल तर उत्तम, जास्त असाल तर दोन गट करा, एक गट तोवर चर्चसमोर बसेल.

सुट्टे पैसे ठेवा, रोख. मोबाइलवरून पैसे घेणारे असतात, नसतात, आणि जाड भिंतींच्या आत नेटवर्कही येतं-जातं. सोबत पाणी. बाथरूम मडगावातच उरकून निघा, कारण कुणाच्या घरात शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य तेच बोलायचं बरं दिसत नाही.

रस्ता: मडगावहून चांदर 13-15 किलोमीटर आहे, गाडी असेल तर अर्धा तास धरा, मडगावहून बसपण मिळते. मडगाव-कुळे लायनीवर चांदरचं रेल्वे स्टेशनही आहे पण गाड्या मोजक्या, हौस असेल तर टाइमटेबल बघून जा. स्कूटर भाड्याने घेतलीत तर रस्ता सुंदर आहे, दोन्ही बाजूंना शेतं, फक्त गावातली वळणं अशी की समोरून बस येते ती एकदम अंगावरच. परतीची बस किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा, संध्याकाळी कमी होतात.

चांदर हे आज झोपलेलं गाव वाटतं पण एके काळची राजधानी आहे हे मुलांना गाडीतच सांगून टाका. जुनं नाव चंद्रपूर. आधी भोज घराण्यातले राजे, पुढे कदंब, सगळे इथून राज्य करायचे, कुशावती नदीच्या काठावरून, मग कदंबांनी राजधानी गोपकपट्टणाला, म्हणजे गोवा वेल्हाच्या बाजूला नेली. कोटा भागात उत्खननात सापडलेला मुंडकं नसलेला दगडी नंदी आहे, वेळ असेल तर शोधत जा, पाच मिनिटांचं काम आहे, पण मला विचाराल तर त्या नंदीपाशी उभं राहिल्यावरच ब्रागांझांचं घर नीट कळतं, म्हणजे आपण ज्याला जुनं जुनं म्हणतो ते या गावाच्या हिशोबात कालचं आहे.

घर शोधावं लागत नाही. चर्चच्या चौकात उभे राहिलात की समोर एक लांबच लांब घर दिसतं, दर्शनी बाजूला 24 खिडक्या, मोजून बघा, पोरांना कामाला लावा. घर एक पण कुटुंबं दोन. पश्चिमेकडचा भाग मिनेझिस ब्रागांझांचा, पूर्वेकडचा ब्रागांझा परेरांचा. दोन्हीकडे वेगवेगळं जायचं, वेगवेगळे पैसे द्यायचे, आणि एकीकडे दुसऱ्यांबद्दल चौकशा करायच्या नाहीत. आडनाव पोर्तुगालच्या राजघराण्याचं, माणसं मात्र इथलीच, धर्म बदललेली. खालचा मजला पूर्वी कोठारासारखा वापरायचे, भात, मीठ, नारळ, आणि राहणं सगळं वरच्या मजल्यावर. आई खालचं दार बघून म्हणाली, "आमचं दार हे." जिना चढायच्या आधी मिनिटभर खाली थांबून बघा, वरच्या झुंबरांचा खर्च खालून यायचा.

वर गेल्यावर जी व्यक्ती दार उघडेल ती मालक असेल, नातेवाईक असेल किंवा कामाला असलेली मुलगी असेल. कोण आहे ते न विचारता आधी नमस्कार करा. कोंकणीतून "देव बरो दीस दिवं" म्हटलंत तर चेहरा खुलतो, मराठी कळतेच, इंग्रजी बहुतेकांना येते. नाव सांगा, कुठून आलात सांगा. एवढं केलं की वीस मिनिटांची फेरी तासावर जाते, माझा अनुभव आहे. आम्हाला तिथे एका वयस्क बाईनी "येयात, बसात" म्हणून खिडकीतल्या बाकावर बसवलं आणि आधी आईचं गाव विचारलं, मग वाडा विचारला, मग नारळ यंदा कसे आहेत हा विषय निघाला तो दहा मिनिटं. मी मागे लायब्ररीकडे बघत ताटकळत उभी.

लायब्ररीकडेच येऊ. पश्चिमेकडच्या भागात आहे, लाकडी कपाटं, काचेची दारं, आत कातडी बांधणीची पुस्तकं ओळीनं, साधारण 5000, गोव्यातलं सगळ्यात मोठं खाजगी पुस्तकालय म्हणून त्याचं नाव आहे. बहुतेक लोक इथे दोन मिनिटं थांबतात, "वा, किती पुस्तकं" म्हणतात आणि झुंबराकडे जातात. तुम्ही तसं करू नका. कपाटासमोर मान तिरकी करून पाठीवरची नावं वाचा, पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रजी. भाषा येत नसली तरी नावावरून अंदाज येतो, हा कायदा, हा इतिहास. मग आठवा की ही पुस्तकं ज्यांच्यामुळे प्रसिद्ध झाली ते लुईस द मिनेझिस ब्रागांझा (1878-1938) हे भाटकाराच्या घरात जन्मलेले आणि पोर्तुगीजांच्याच भाषेत पोर्तुगीजांना खडे बोल सुनावणारे पत्रकार होते. 1900 साली 'ओ हेराल्दो' हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक सुरू झालं त्याच्या संस्थापकांत ते, 1911 साली 'ओ देबाते' काढलं ते त्यांनीच. 1930 मध्ये पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारचा कलोनियल अ‍ॅक्ट आला, वसाहतींना आणखी खालच्या पायरीवर बसवणारा, तेव्हा गोव्याच्या कौन्सिलात उभं राहून आम्हाला आमचं ठरवायचा हक्क आहे असा ठराव मांडणारे हेच. शाळेत आपण हे नाव पणजीच्या इन्स्टिट्यूटवर वाचतो आणि विसरतो. त्या कपाटांसमोर उभं राहिलं की वाटतं, हा माणूस रात्री इथे दिवा लावून वाचत बसला असेल आणि खाली कोठारात कुणाच्या तरी खंडाचं, म्हणजे शेत कसायच्या बदल्यात भाटकाराला द्यायचं, भात पडलेलं असेल. दोन्ही एकाच घरात. हे मला अजून नीट जुळवता आलेलं नाही, जुळवायची घाईही नाही.

पुस्तकाला हात लावायचा नाही, मागायचंही नाही. कारण कळलं की राग येत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी येते, तुमच्याही आली असेल. तसंच पुस्तकाच्या कातडी बांधणीला होतं, वर कसर लागते ती कागदाला बारीक भोकं पाडत आरपार जाते, आणि हाताचा घाम तर सगळ्यात वाईट. कॅमेऱ्याचा फ्लॅशही नको. फोटोचं तर आधीच विचारा, लायब्ररीच्या बाजूला सहसा नको म्हणतात. नको म्हटलं की नको. मोबाइल खिशात, गुपचूप एक काढतो असं करायचं नाही, आमच्या एका पाहुण्यानं केलं आणि त्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या खोलीचा दिवा लावलाच नाही.

बाकीच्या खोल्यांत काय बघायचं? चिनीमाती. निळी-पांढरी ताटं, बरण्या, वाडगे, बघितल्यावर पहिला प्रश्न पडतो की चीनचा माल सासष्टीच्या गावात कसा? तर मकाव पोर्तुगीजांकडे होतं आणि 1844 पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या सरकारखाली चालायचा, जहाजं यायची-जायची, तेव्हा मडगावच्या श्रीमंताला चिनी ताट म्हणजे आपल्याला आज दुबईहून आणलेला डिनर सेट. मग एस आकाराची जोडखुर्ची बघा, दोघांनी उलट्या दिशेला तोंड करून बसायची, म्हणजे गप्पा मारता येतील पण गुडघ्याला गुडघा लागणार नाही. मी आणि आई तिच्यापाशी उभ्या राहून खूप हसलो. बसायचं मात्र नाही, दोरी बांधलेली असो नसो.

आणि खिडक्या. झुंबर बघून सगळे मान वर करतात, मी म्हणते खिडकीपाशी जा. जुन्या खिडक्यांत काच नाही, शिंपले आहेत. लाकडाच्या बारीक चौकटी आणि त्यात चपटे शिंपले कापून सरकवलेले, प्रत्येक तुकडा पत्त्याच्या पानापेक्षा लहान. काच महाग होती तेव्हाचा हा उपाय. दुपारचं ऊन त्यातून येतं ते दुधासारखं होऊन येतं, डोळ्याला टोचत नाही. जवळ जाऊन बघितलंत तर शिंपल्यावर वाढीच्या रेघा दिसतात, नखावर असतात तशा, आणि एखादा तुकडा पडलेला असतो तिथे पुठ्ठा लावलेला असतो, कारण हे बसवणारा माणूस आता मिळणं कठीण. मी पोचले तेव्हा त्या पुठ्ठ्यावर कुठल्यातरी बिस्किटाचं नाव होतं.

पूर्वेकडच्या भागात जायला विसरू नका, लोक एकीकडेच बघून परत फिरतात. इथे नाचाचा मोठा हॉल, झुंबरं, आणि पोर्तुगालचा राजा दों लुईस (1861 ते 1889 गादीवर होता) यानं घराण्याला दिलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या आहेत. घरचं छोटं चॅपेल आहे आणि त्यात सेंट झेवियरच्या नखाचा अवशेष, हिऱ्यांनी मढवलेला. त्यांच्यासाठी हा देव्हारा आहे, आपल्या घरात कुणी देवघरात सेल्फी काढली तर कसं वाटेल, तसं समजून वागा. ज्यांनी जुन्या गोव्यात 2024 च्या नोव्हेंबरात याच संताच्या शवप्रदर्शनाची लाइन लावली होती त्यांना कळेल, इथे लाइन नाही, तुम्ही, मेणबत्ती आणि घरातली एक व्यक्ती.

काय विचारायचं, काय नाही? कौलं कुठून येतात, झुंबर कोण पुसतं, पावसात कुठली खोली गळते, हे विचारा, माणसं भरभरून बोलतात. "हे सगळं किती कोटींचं असेल?" आणि "विकायचा विचार नाही का?" हे दोन प्रश्न घरी ठेवून या. पर्यटक ते रोज विचारतात आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

पैशाचं बोलू. कुठे रक्कम ठरलेली असते, कुठे तुमच्या मर्जीवर. मर्जीवर म्हटलं की आपली माणसं दहाची नोट शोधतात, लाज वाटते मला. चार माणसांचा वडापाव-चहा जेवढ्याला होतो त्यापेक्षा कमी टाकू नका, आणि लायब्ररीत तासभर रमलात तर त्याहून बरंच जास्त. आईनं पर्स उघडून शंभराच्या नोटा बोटाला थुंकी लावून एकेक मोजल्या, अगदी नारळ मोजायच्या चालीवर, आणि त्या बाईंच्या हातात दिल्या. डब्यात नाही टाकल्या. जिना उतरताना मला म्हणाली, "आमच्याकडून घ्यायचे तेव्हा पावती नव्हती, आताही नाही." आणि स्वतःच खो खो हसली.

मुलं लहान असतील तर एक मोठं माणूस फक्त त्यांच्यावर ठेवा, भांड्यांच्या उंचीला त्यांचे हात बरोबर येतात. गुडघेदुखीवाल्यांना जिना आहे हे आधी सांगा. कपडे साधे, बीचवरून थेट ओल्या चड्डीवर नको, आणि हे मला लिहावं लागतंय.

जेवण चांदरला शोधत बसू नका. केपे बाजारात किंवा परत मडगावात शीत-कडी (म्हणजे भात-कालवण), तळलेला बांगडा, सोलकढी मिळते. शाकाहारी असाल तर पातळ भाजी-पाव आणि बन्स, दुपारी दोननंतर तेही संपतं. केपेच्या वाड्यात आधी सांगून ठेवलं तर जेवणाची सोयही होते, पण ते आदल्या दिवशी फोनवर ठरवायचं, दारात जाऊन "काय मिळेल?" असं नाही.

चांदरहून केपे अर्ध्या तासाच्या आत. वाटेत पारोडा लागतं, डोंगरावर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ आहे, चंद्रपूर नावाशी त्या देवाचं नातं सांगतात, दिवस मोकळा असेल तर वर जा, वरून सासष्टी अख्खी दिसते. पावसाळ्यात मात्र सावध. जुलैत कुशावती फुगली की पारोड्याचा रस्ता पाण्याखाली जातो, दर वर्षी जातो, आणि दर वर्षी कुणीतरी भाड्याची गाडी त्यात घालतं. पाणी दिसलं तर गावकऱ्यांना विचारा आणि ते म्हणतील ते ऐका.

केपेचा वाडा, पालासियो दो देआंव, 1787 चा. जुझे पावलो द आल्मेदा नावाच्या डीननं बांधला. केपे हे गावच त्यानं वसवलं असं म्हणतात. तेव्हा हा सगळा भाग नवी काबिजाद, पोर्तुगीजांच्या हातात येऊन वीसपंचवीस वर्षं झालेली, आजूबाजूला हिंदू वस्ती, हिंदू कारागीर, त्यामुळे घराची ठेवण निम्मी पोर्तुगीजांची निम्मी आपली आहे. समोर चर्च, मागे कुशावती. पुढे व्हाइसरॉय हवापालटाला यायचे, नंतर नन्सनी निराधार बायकांसाठी चालवला, मग पडझड झाली. तो एका गोवेकर जोडप्यानं अक्षरशः मोडकळीतून उभा केला. इथे चांदरसारखं दडपण येत नाही. चांदरला घर तुमच्याकडे बघतं, इथे तुम्ही घराकडे बघता, असं मला वाटतं, भावाला नाही वाटत.

बाग साधारण दोन एकरांची. आता बाग म्हटलं की आपल्या डोक्यात कुळागर येतं, माडाखाली पोफळी, पोफळीवर मिरवेल, खाली केळी, अननस, आणि मधून पाट. एकही झाड उगीच नाही, सगळं पोटाचं. ही बाग तशी नाही, ही चालायची बाग आहे, वाटा आखलेल्या, बसायच्या जागा ठरवलेल्या, नदीकडे उतरत जाणारी. आईला पहिली पाच मिनिटं काही कळेना, म्हणाली, "एवढी जागा आणि पोफळ एकही नीट दिसत नाही." पण नंतर ती नदीच्या बाजूला जाऊन बसली ती उठेचना. माझा सल्ला, आधी घर बघा आणि बागेसाठी शेवटचा तास ठेवा, साडेचारनंतरचा, ऊन कलतं तेव्हा. एकदा चालून या, मग एका जागी बसा, मग परत एकदा उलट्या दिशेनं चाला, तेव्हा लक्षात येतं की प्रत्येक वळणावर नदी किंवा चर्च यातलं एक दिसेल अशी वाट काढलीय. फुलं तोडू नका हे सांगायला नको ना? डासांचं मलम लावा, नदी आहे, संध्याकाळ आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून गर्दीही तेव्हाच. मला विचाराल तर ऑक्टोबर, पाऊस नुकताच गेलेला, बाग हिरवीगार, घरातल्या माणसांना बोलायला वेळ. 6 जानेवारीला चांदरला तीन राजांचं फेस्त असतं, आजूबाजूच्या गावांतली तीन मुलं मुकुट घालून राजे होतात, आणि कार्निव्हालच्या सोमवारी रात्री मुसळ खेळ असतो, मुसळं घेऊन नाच, ख्रिश्चन माणसं आणि गाण्यात जुन्या राजांची नावं. त्या दिवशी खेळ बघायला या. घर बघायला नको, घरच्यांना पावण्यांचं करायचं असतं.

पावसात अडकलात आणि पुस्तकं खरोखर हातात घेऊन वाचायची असतील तर पणजीला जा. तिथल्या पाटो भागातली कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी, 1832 साली सुरू झालेली, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी, तिथे मराठी पुस्तकं रग्गड आहेत आणि बसायला शांतता आहे. आधी ती जिथे होती त्या आझाद मैदानाजवळच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशात निळ्या-पांढऱ्या टाइल्सची भिंत आहे, 1935 ची, जॉर्ज कुलासो या चित्रकाराची, पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग. ही संस्था 1871 ची, नाव होतं वास्को द गामाचं, मुक्तीनंतर ते काढून चांदरच्या पत्रकाराचं दिलं. भिंतीवर मात्र गामा आणि त्याची जहाजं तशीच आहेत.

केपेहून निघायला आम्हाला साडेसहा वाजले. बस चुकली, पुढची सव्वासातला म्हणे. आईनं बाजारात तेवढ्यात तांबडी भाजीच्या चार जुड्या घेतल्या, बाईशी दोन रुपयांवरून घासाघीस केली, आणि बसमध्ये बसल्यावर जुड्या मांडीवर घेऊन मला म्हणाली, "त्या मागच्या खोलीतल्या कपाटाखाली वाळवी लागलीय, बघितलंस? फोन नंबर आहे ना तुझ्याकडे, सांग त्यांना, पावसाच्या आधी बघा म्हणावं." दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी फोन केला.